फुकट पर्याय आला की विकतच्या सॉफ्टवेअरची किंमत खरंच उतरते का?

कळफलक:

गेली अकरा वर्षं मी एक लहानसं सॉफ्टवेअर विकतो आहे. प्रयोगशाळेतल्या उपकरणांतून बाहेर पडणारे आकडे गोळा करायचे, तपासायचे आणि सही करण्याजोगा अहवाल काढून द्यायचा, एवढंच त्याचं काम. तीन वर्षांपूर्वी याच कामाचं एक मुक्तस्रोत, म्हणजे कोड सगळ्यांना खुला असलेलं, फुकट सॉफ्टवेअर आलं. चांगलं आहे. मी त्याचा सोर्स कोड वाचलाय, लिहिणाऱ्यांना विषय कळतो. तेव्हापासून जवळजवळ प्रत्येक नव्या ग्राहकाचा पहिला प्रश्न ठरलेला: ते फुकट मिळत असताना तुमचं विकत का घ्यायचं?

घाबरून मी किंमत चाळीस टक्क्यांनी उतरवली. जे जाणार होते ते गेलेच. जे राहणार होते ते राहिले, फक्त आता कमी पैसे देऊन. किंमत उतरवली म्हणून आला असा एकही नवा ग्राहक मला आठवत नाही.

साधा हिशेब सांगतो की सॉफ्टवेअरची आणखी एक प्रत काढायला जवळपास काहीच खर्च येत नाही. म्हणजे स्पर्धा असेल तिथे किंमत घसरतच जायला हवी, आणि शेजारी फुकटची वस्तू ठेवली असेल तर विचारायलाच नको. पण जरा मागे वळून पाहिलं तर चित्र वेगळंच दिसतं. चित्रांवर काम करायचं मुक्तस्रोत सॉफ्टवेअर गिंप १९९६ पासून आहे. त्यामुळे त्याच कामाचं विकतचं फोटोशॉप स्वस्त झालं नाही. उलट २०१३ मध्ये अ‍ॅडोबीने नवी आवृत्ती एकरकमी विकणं थांबवून सगळ्यांना वर्गणीवर नेलं. पोस्टग्रेस हा मुक्तस्रोत डेटाबेसही तितकाच जुना. तरी ओरॅकलच्या एंटरप्राइझ डेटाबेसचा छापील दर २००८ मध्ये प्रोसेसरमागे ४०,००० डॉलरवरून ४७,५०० डॉलरवर गेला. वर वार्षिक सपोर्टचे २२ टक्के वेगळे.

दुसरीकडे, ब्राउझर विकत घ्यायची वस्तू होती हे आज तरुण मुलांना खरं वाटत नाही. साधा कंपायलर (लिहिलेला कोड यंत्राला चालवता येईल अशा रूपात आणणारं सॉफ्टवेअर) कुणी विकत घेत नाही. वेब सर्व्हरचं सॉफ्टवेअरही नाही. या वस्तूंच्या किमती उतरल्या नाहीत, नाहीशाच झाल्या.

एकीकडे शून्य, दुसरीकडे वाढ. हा फरक नेमका कशामुळे पडतो? तुमच्यापैकी कुणी विकलंय, कुणी विकत घेतलंय, कुणी फुकट वाटलंय. मला तत्त्वचर्चेपेक्षा तुमचे अनुभव हवे आहेत, कारण पुढच्या महिन्यात मला नवा दरपत्रक लावायचा आहे.

उंबरठा:

मी एका मोठ्या संस्थेच्या खरेदी विभागात काम करते. पहिली गोष्ट म्हणजे छापील दर आणि खरी किंमत यांची गल्लत करू नका. मोठ्या सॉफ्टवेअरचा छापील दर क्वचितच कुणी भरतं. मुक्तस्रोताचा परिणाम शोधायचा असेल तर तो सवलतीच्या रकान्यात सापडतो, आणि तो रकाना बाहेर कुणाला दिसत नाही.

आमचाच अनुभव सांगते. डेटाबेसच्या कराराचं नूतनीकरण होतं. पहिल्या वर्षी आम्ही नुसतं म्हणालो, "आम्ही पोस्टग्रेसचा विचार करतोय." समोरच्या विक्री अधिकाऱ्याने शांतपणे विचारलं, "कोणत्या प्रोसिजर आधी हलवणार?" प्रोसिजर म्हणजे डेटाबेसच्या आत लिहिलेले छोटे प्रोग्राम. आमच्याकडे उत्तर नव्हतं. सवलत शून्य मिळाली. पुढच्या खेपेला आमच्या दोन मुलांनी तीन महिने खपून एक मधल्या आकाराची प्रणाली खरोखर पोस्टग्रेसवर चालवून दाखवली. काय हललं, काय अडलं, किती दिवस लागले, सगळं कागदावर आणलं. तो कागद टेबलावर ठेवला आणि त्या बैठकीत किंमत एक तृतीयांशाने खाली आली. आम्ही सही केली आणि जुन्याच डेटाबेसवर राहिलो.

म्युनिक शहराचं उदाहरण याच जातीचं आणि सगळ्यांना ठाऊक असलेलं. २००३ मध्ये तिथल्या नगरपालिकेने विंडोज सोडून लिनक्स या मुक्तस्रोत ऑपरेटिंग सिस्टीमवर जायचं मनावर घेतलं, तेव्हा मायक्रोसॉफ्टचे प्रमुख स्टीव्ह बामर स्वतः महापौरांना भेटायला गेले आणि नंतर कंपनीने आपली बोली खाली आणली. म्युनिकने तरीही लिनक्स घेतलं, सुमारे १५ हजार संगणक हलवले, आणि २०१७ मध्ये पुन्हा विंडोजकडे जायचा ठराव केला. तो निर्णय बरोबर की चूक हा वेगळा वाद आहे. किमतीपुरतं पाहायचं तर बोली खाली आली ती लिनक्स अस्तित्वात होतं म्हणून नाही. ते तर १९९१ पासून होतंच. हे गिऱ्हाईक खरंच उठून जाईल असं वाटलं, तेव्हा ती खाली आली.

एक गोष्ट मला आजही टोचते. ज्यांच्या कामामुळे आमच्या संस्थेचे एवढे पैसे वाचले त्या पोस्टग्रेसवाल्यांना आम्ही काहीही दिलं नाही. तशी रक्कम दाखवायला आमच्या अंदाजपत्रकात रकानाच नव्हता. मी दोनदा मागणी केली, दोन्ही वेळा परत आली.

त्रिज्या:

उंबरठा यांच्या म्हणण्याला जोडून: किंमत सगळीकडे एकदम उतरत नाही, एका कोपऱ्यात उतरते. आणि विकणारा त्या कोपऱ्याभोवती आधी कुंपण घालतो.

२००७ मध्ये आसुसचा ई पीसी हा छोटा लॅपटॉप आला तो लिनक्स घेऊन. यंत्र इतकं स्वस्त की विंडोजची नेहमीची किंमत त्यात बसणारच नाही. मायक्रोसॉफ्ट त्या वेळी विंडोजची जुनी आवृत्ती एक्सपी बंद करून नवी व्हिस्टा पुढे आणत होती. तरी २००८ मध्ये एक्सपी होमचं आयुष्य फक्त अशा स्वस्त यंत्रांसाठी वाढवलं आणि ते स्वस्तात दिलं. अट अशी की पडदा, मेमरी, डिस्क ठरावीक मापाच्या आत हवी. मोठ्या लॅपटॉपवरची किंमत जागच्या जागी राहिली. एप्रिल २०१४ मध्ये तसंच: नऊ इंचांहून लहान पडद्याच्या उपकरणांना विंडोज फुकट, कारण समोर अँड्रॉइड उभं होतं.

डेटाबेसमध्ये हे कुंपण आणखी स्पष्ट दिसतं. २००५-०६ या काळात ओरॅकल, मायक्रोसॉफ्ट आणि आयबीएम या तिघांनीही आपापल्या डेटाबेसची फुकट आवृत्ती काढली. ओरॅकलच्या त्या आवृत्तीला एक प्रोसेसर, एक जीबी मेमरी आणि चार जीबी डेटा एवढीच मुभा. मायक्रोसॉफ्टचीही मर्यादा चार जीबी. मायएसक्यूएल हा मुक्तस्रोत डेटाबेस जिथे भराभर वापरला जात होता नेमकी तीच जागा या तिघांनी मोकळी सोडली: शिकणारे, नवे उद्योग, लहान वेबसाइट. त्यावरच्या मजल्याला हात लावला नाही. कळफलक, तुमच्या प्रश्नातलं कोडं इथे बरंचसं सुटतं. तळाला फुकट आणि माथ्याला महाग हे एकाच दरपत्रकात सुखाने नांदतं. हातात काही उरत नाही ते मधल्यांच्या.

दुसरीबाजू:

कळफलक, तुमच्या पहिल्या लेखातल्या उदाहरणांवर माझा आक्षेप आहे. फुकट आणि मुक्तस्रोत यांची सरमिसळ होतेय, आणि त्यामुळे श्रेय चुकीच्या खात्यात जमा होतंय.

ब्राउझरची किंमत मुक्तस्रोताने शून्यावर आणलेली नाही. ती मायक्रोसॉफ्टने आणली, इंटरनेट एक्सप्लोरर फुकट देऊन आणि विंडोजबरोबर जोडून. ब्राउझर विकणाऱ्या नेटस्केप कंपनीने जानेवारी १९९८ मध्ये ब्राउझर फुकट केला आणि कोड खुला करायची घोषणा केली तेव्हा त्यांची कमाई आधीच आटत आली होती. मोझिला हा मुक्तस्रोत ब्राउझरचा प्रकल्प त्या पडझडीतून जन्मला. त्याच्या फायरफॉक्स ब्राउझरची पहिली आवृत्ती तर २००४ ची.

त्रिमितीय अ‍ॅनिमेशन बघा. माया या विकतच्या सॉफ्टवेअरची मूळ आवृत्ती २००२ मध्ये ७,५०० डॉलरवरून १,९९९ डॉलरवर आली. त्या वर्षी ब्लेंडर या आज मुक्तस्रोत असलेल्या पर्यायाची अवस्था काय होती? त्यामागची कंपनी बंद पडलेली, आणि त्याचे जनक टॉन रोसेंडाल लोकांकडून १ लाख युरो गोळा करून कोड सोडवून घेत होते. ऑक्टोबर २००२ मध्ये तो खुला झाला. म्हणजे मायाची कपात ब्लेंडरमुळे झालेली असणं शक्यच नाही. ती विकणाऱ्यांच्या आपसातल्या स्पर्धेमुळे झाली.

चित्रपटाचे रंग दुरुस्त करणारी दाव्हिंची प्रणाली काही लाख डॉलरची असायची. २००९ मध्ये ब्लॅकमॅजिकने ती विकत घेतली, सॉफ्टवेअर ९९५ डॉलरला विकलं, आणि २०११ मध्ये एक आवृत्ती फुकट केली. कोड बंदच आहे. त्यांना कॅमेरे आणि यंत्रं विकायची होती. खेळ बनवायचं अनरियल इंजिन २०१५ मध्ये फुकट झालं ते खेळाच्या कमाईतले पाच टक्के घेण्याच्या अटीवर. आणि त्याआधी कितीतरी वर्षं, १९८३ मध्ये, टर्बो पास्कल हा कंपायलर ४९ डॉलर ९५ सेंटला आला तेव्हा ग्नू या मुक्तस्रोत प्रकल्पाचा एकही कंपायलर बाजारात नव्हता.

ज्याला शेजारची दुसरी वस्तू विकायची आहे तो ही वस्तू फुकट करतो. किंमत पाडणारं सगळ्यात मोठं बळ मला हे वाटतं. पुष्कळ मुक्तस्रोत प्रकल्पांना मोठ्या कंपन्या पगारी माणसं देतात तेही याच कारणासाठी: सर्व्हर विकणाऱ्याला ऑपरेटिंग सिस्टीम स्वस्त हवी, क्लाउड विकणाऱ्याला डेटाबेस स्वस्त हवा.

कळफलक:

दुसरीबाजू, ब्राउझरबाबत तुमचं म्हणणं मान्य. मी घाईत एकत्र बांधलं. पण एक फरक मला तरी महत्त्वाचा वाटतो. कंपनीने फुकट दिलेली वस्तू कंपनी परत घेऊ शकते. एका यंत्रावर अनेक आभासी संगणक चालवायचं सॉफ्टवेअर विकणारी व्हीएमवेअर कंपनी ब्रॉडकॉमने घेतल्यावर फेब्रुवारी २०२४ मध्ये त्या कामाचं तिचं फुकटचं ईएसएक्सआय बंद झालं, पुढच्या वर्षी परत आलं. देणं-घेणं दोन्ही त्यांच्या मर्जीवर. खुला झालेला ब्लेंडर मात्र कुणाला परत कुलपात घालता येणार नाही. किंमत एकदा पडणं आणि ती पुन्हा वर जाऊ न शकणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

सरासरी:

मी संख्याशास्त्र शिकवते. आमच्या क्षेत्रात याची जवळपास प्रयोगासारखी चाचणी झाली आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

बेल लॅब्जमध्ये जॉन चेंबर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एस नावाची संख्याशास्त्राची संगणकभाषा घडवली. तिची विकत मिळणारी आवृत्ती एस-प्लस. पुढे ऑकलंडमध्ये रॉस इहाका आणि रॉबर्ट जंटलमन यांनी आर ही मुक्तस्रोत भाषा लिहिली. तिची मांडणी एससारखीच ठेवली होती. आरची १.० आवृत्ती २९ फेब्रुवारी २००० रोजी आली. याच बाजारात सॅस आणि एसपीएसएस ही विकतची सॉफ्टवेअरंही होती, दोन्ही आरपेक्षा कितीतरी जुनी आणि महाग.

आता फुकट पर्याय एकच आणि सगळ्यांसमोर एकाच वेळी आलेला. किमतीवर परिणाम सारखा व्हायला हवा होता. झाला नाही. सगळ्यात आधी आणि सगळ्यात जोरात फटका बसला एस-प्लसला, म्हणजे आरच्या सख्ख्या भावंडाला. कारण एस-प्लससाठी लिहिलेला बराचसा कोड किरकोळ बदलांनी आरमध्ये चालायचा. माझ्या मार्गदर्शकांनी त्यांचे प्रोग्राम एका सुट्टीत हलवले होते. एस-प्लस बनवणारी कंपनी २००८ मध्ये टिब्कोने घेतली आणि वर्गांमधून ते नाव दिसेनासं झालं.

सॅस मात्र उभं राहिलं. त्याची भाषा वेगळी. औषध कंपन्यांत आणि बँकांत त्या भाषेतले दशकांचे प्रोग्राम, ते तपासून प्रमाणित केलेले, आणि ते वाचू शकणारी माणसं. आर कितीही चांगली झाली तरी ते सगळं नव्याने लिहून पुन्हा प्रमाणित करायचा खर्च लायसन्सच्या कित्येक पट. म्हणून किंमत टिकली.

पण सॅसलाही एका ठिकाणी वाकावं लागलं, आणि ते ठिकाण म्हणजे माझा वर्ग. विद्यार्थी आर शिकून बाहेर पडू लागले. २०१४ मध्ये सॅसने विद्यापीठांसाठी फुकट आवृत्ती काढली. आजचं गिऱ्हाईक जात नव्हतं, पण दहा वर्षांनी निर्णय घेणारी माणसं दुसरीच भाषा बोलणार हे त्यांना दिसत होतं. फुकट पर्यायाचा सगळ्यात खोल परिणाम असा उशिरा होतो असं मला वाटतं. एका वर्षाचं दरपत्रक पाहून तो कळत नाही.

तेव्हा कळफलक, माझं उत्तर असं: फुकट पर्याय किती चांगला आहे यापेक्षा तुमच्याकडून तिकडे जायला गिऱ्हाइकाला किती त्रास पडतो, यावर किंमत ठरते.

फांदी:

सरासरी, एस-प्लसचं उदाहरण फार नेमकं. त्याच मापाने गिटकडे, म्हणजे कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या (व्हर्जन कंट्रोल) मुक्तस्रोत हत्याराकडे बघता येतं.

लिनक्स कर्नलचे, म्हणजे लिनक्सचा गाभा लिहिणारे लोक २००२ पासून बिटकीपर वापरत होते. ते त्याच कामाचं विकतचं सॉफ्टवेअर, पण कर्नलसाठी अटींसह विनामूल्य दिलेलं. २००५ मध्ये वाद होऊन ती मुभा काढून घेतली गेली. एप्रिलच्या सुरुवातीला लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी गिट लिहायला घेतलं आणि आठवड्याच्या आत गिटचा कोड गिटमध्येच ठेवला जाऊ लागला. २०१६ मध्ये बिटकीपर स्वतःच मुक्तस्रोत झालं. तोवर ते विकत घेणारं फारसं कुणी उरलं नव्हतं.

इथे गिऱ्हाईक स्वतःच प्रोग्रामर होतं. ज्यांना हत्यार हवं तेच ते घडवू शकत होते. कंपायलर, एडिटर, व्हर्जन कंट्रोल, वेब सर्व्हर, जिथे जिथे किंमत पार नाहीशी झाली तिथे वापरणारा आणि घडवणारा एकच माणूस आहे. सन कंपनीने आपल्या ऑपरेटिंग सिस्टीमच्या सोलारिस २ या आवृत्तीपासून कंपायलर वेगळा विकायला काढला तेव्हा लोक ग्नूच्या फुकट कंपायलरकडे, जीसीसीकडे वळले, ते याच कारणाने. फोटोशॉप वापरणारे चित्रकार, दंतवैद्य, लेखापाल यांना स्वतःचं सॉफ्टवेअर लिहिता येत नाही. त्यांच्या क्षेत्रात किमती टिकून आहेत.

आणि एक ताजं उदाहरण, ज्यात फुकट पर्यायाने किंमत उतरवली नाही पण वाढ रोखली. सप्टेंबर २०२३ मध्ये खेळ बनवायचं इंजिन विकणाऱ्या युनिटीने खेळ दर वेळी नव्याने इन्स्टॉल झाल्यावर शुल्क घ्यायचं जाहीर केलं. खेळ बनवणाऱ्यांनी उघडपणे सांगितलं की आम्ही जातो. पुष्कळांच्या तोंडी नाव होतं गोडो या मुक्तस्रोत इंजिनाचं. एका स्टुडिओने तर गोडोला १ लाख डॉलर दिले, स्वतः ते वापरत नसताना. वर्षभराने युनिटीने ते शुल्क रद्द केलं. वर्गणी मात्र वाढवली, आणि ती वाढ लोकांनी सोसली.

उंबरठा:

फांदी, ही वाढ रोखली जाण्याची गोष्ट सगळीकडे घडत नाही. व्हीएमवेअरचं बघा. त्याच कामाचे मुक्तस्रोत पर्याय आहेत: केव्हीएम २००७ पासून लिनक्समध्येच आहे, प्रॉक्समॉक्स आहे, झेन आहे. तरी नोव्हेंबर २०२३ मध्ये मालकी बदलली, महिन्याभरात कायमस्वरूपी लायसन्स बंद झाली आणि सगळं वर्गणीवर गेलं. पुष्कळ संस्थांची बिलं कित्येक पटींनी वाढली. पर्याय समोर दिसत असूनही.

माझ्या टेबलावरून ते असं दिसलं: हजारो यंत्रं हलवायला दोन-तीन वर्षं लागतात. बॅकअप, नेटवर्क, माणसांचं शिक्षण, सगळं त्याला बांधलेलं. ही दोन-तीन वर्षं विकणाऱ्यालाही मोजता येतात. तेवढ्या काळाचं भाडं तो मागतो.

ओरॅकलने जानेवारी २०२३ पासून जावा या प्रोग्रामिंग भाषेच्या आपल्या आवृत्तीचा दर संस्थेतल्या एकूण कर्मचाऱ्यांवर लावला, जावा वापरो न वापरो. लहान संस्थांना माणशी महिना १५ डॉलर. आम्ही हादरलो. पण ओपनजेडीके म्हणजे जवळपास तोच कोड, मुक्तस्रोत, आणि टेमुरिन किंवा कोरेट्टो या त्याच्या फुकट आवृत्त्या बसवायला आमच्या बहुतेक प्रणालींना एका दुपारचं काम पुरलं. तिथे दार जवळ होतं, आम्ही बाहेर पडलो. व्हीएमवेअरच्या बाबतीत अजून आत आहोत आणि पैसे भरतो आहोत.

देखभाल:

सगळं वाचलं. आता पलीकडच्या बाजूने लिहिते, कारण इथे प्रत्येकाने किंमत मोजली ती घेणाऱ्याची.

मी तारखा आणि वेळा वाचणारी एक छोटी मुक्तस्रोत लायब्ररी (दुसऱ्यांनी आपल्या प्रोग्राममध्ये वापरायचा तयार कोड) सांभाळते. नऊ वर्षं, संध्याकाळी आणि सुट्टीच्या दिवशी. ती किती ठिकाणी आहे हे मलाही माहीत नाही. एकदा एका मोठ्या कंपनीतून पत्र आलं: अमुक दोष चोवीस तासांत दुरुस्त करून मिळेल का, आमचं विक्रीचं उत्पादन अडलंय. मी त्या दिवशी रुग्णालयात होते, वडिलांजवळ. तिसऱ्या दिवशी दुरुस्ती केली. आभाराचं उत्तरही आलं नाही. त्यांच्या उत्पादनाच्या किमतीत माझं काम धरलेलं आहे, फक्त शून्य रुपयांनी.

२०१४ मध्ये ओपनएसएसएलमधला हार्टब्लीड हा सुरक्षेचा दोष उघड झाला तेव्हा जगाला कळलं की अर्ध्या इंटरनेटचं कुलूप असलेल्या ओपनएसएसएलला वर्षाला जेमतेम २,००० डॉलर देणग्या येत होत्या. मग मोठ्या कंपन्यांनी निधी उभा केला. दुरुस्तीचा खर्च कुणीतरी आधीपासून भरतच होतं. ज्यांनी तो भरला त्यांच्या झोपेचा हिशेब कुठल्या दरपत्रकात नाही.

आणि ज्यांनी मुक्तस्रोतावर कंपनी उभी केली त्यांचं काय झालं तेही सांगायला हवं. मोंगोडीबीने २०१८ मध्ये, इलास्टिकने २०२१ मध्ये, हॅशिकॉर्पने २०२३ मध्ये, रेडिसने २०२४ मध्ये आपल्या मुक्तस्रोत सॉफ्टवेअरचं लायसन्स आवळलं. त्यांची तक्रार होती की आम्ही लिहितो आणि क्लाउड कंपन्या ते विकून कमावतात. त्यातल्या तिघांच्या कोडचे फोर्क, म्हणजे तोच खुला कोड घेऊन इतरांनी चालवलेले वेगळे प्रकल्प, निघाले: ओपनसर्च, ओपनटोफू, वाल्की. इलास्टिक आणि रेडिस पुढे पुन्हा मुक्तस्रोत लायसन्सकडे आले. वापरणाऱ्यांच्या दृष्टीने फोर्क करता येणं हे मोठं संरक्षण आहे, मी त्याच्या बाजूनेच आहे. पण लिहिणाऱ्याला किंमत लावायची जागा किती अरुंद राहते हेही त्यात दिसतं.

कळफलक, तुमच्यावर माझा राग नाही. तुमच्या दारात जे मुक्तस्रोत सॉफ्टवेअर आलंय ते लिहिणारेही बहुधा माझ्यासारखेच कुणीतरी असतील. तुम्ही त्यांच्याशी कधी बोललात का?

कळफलक:

देखभाल, नाही बोललो. तीन वर्षांत एकदाही नाही. त्यांचा कोड वाचला तो कुठे कमी आहे हे शोधायला. तुमचा प्रश्न वाचून दोन दिवस लिहायचं सुचलं नाही. काल त्यांना पत्र पाठवलं, आज उत्तर आलं. दोनच जण आहेत. दोघेही प्रयोगशाळेतलेच, विकतचं परवडेना म्हणून त्यांनी लिहायला घेतलं होतं.

माझ्यापुरता विचार असा झालाय. माझे मोठे ग्राहक पैसे कशाचे देतात ते मी या आठवड्यात सात जणांना फोन करून विचारलं. अहवालाचा कुणीही उल्लेख केला नाही. तपासणीच्या वेळी दाखवायची प्रमाणीकरणाची कागदपत्रं, नवं उपकरण आलं की आठवड्यात त्याची जोडणी, आणि रात्री फोन उचलणारं कुणीतरी, हीच तीन कारणं फिरून फिरून आली. चाळीस टक्के कपात मी अशा गोष्टीवर दिली जी ते विकत घेतच नव्हते.

म्हणून मोठ्या प्रयोगशाळांसाठी जुना दर परत लावतोय. एकट्या-दुकट्या संशोधकांना माझं सॉफ्टवेअर विकण्याचा प्रयत्न थांबवतोय, त्यांना सरळ त्या दोघांचं नाव सांगणार. आणि उपकरणांच्या फाइली वाचणारा माझा भाग, चौपन्न उपकरणांचा, त्यांच्या लायसन्सखाली खुला करतोय. तो सांभाळताना मी एकटा थकलोय, त्यांनाही तोच भाग जड जातोय.

दुसरीबाजू:

एक शंका. फाइली वाचणारा भागच तुमच्या ग्राहकांना बांधून ठेवत होता ना? तो त्यांच्याकडे गेला की सरासरी म्हणतात तो त्रास उरत नाही. उद्या उंबरठा यांच्यासारखं कुणी कागद घेऊन तुमच्या टेबलावर बसलं तर?

कळफलक:

हो, बसू शकतं. रात्री झोप लागत नाही ती त्याच विचाराने. पण अकरा वर्षांत मला सोडून गेलेल्यांपैकी दोघांना मी स्वतः त्यांचा जुना डेटा बाहेर काढून दिला नव्हता, टाळाटाळ केली होती. ते मला अजून खटकतं. नूतनीकरणं मार्चपर्यंत आहेत, किती जण राहिले ते इथेच लिहीन.

उंबरठा:

नव्या करारात डेटा बाहेर काढून देण्याचं कलम घाला. कोणत्या स्वरूपात, किती दिवसांत, करार संपल्यावर किती काळ, हे स्पष्ट लिहा. मी खरेदीच्या बाजूने असं कलम मागते तेव्हा बहुतेक विक्रेते ते खोडून पाठवतात. आमच्या मसुद्यातला मजकूर आज संध्याकाळी इथे टाकते, तुमच्या वकिलांना दाखवा. आणि त्या दोघांना वार्षिक काही रक्कम द्यायची असेल तर देणगी म्हणू नका, देखभाल सेवेचं बिल मागवा. देणगीला माझ्यासारख्यांकडे रकाना नसतो, बिलाला असतो.